वाफेचा मान

युद्धाच्या काळात रुग्णालय हे शहराचं धडधडतं हृदय असतं, असं अधीक्षक प्रत्येक भाषणात सांगत. भाषणं ते तळघरात करत, कारण वरच्या सभागृहाचं छप्पर एका तोफगोळ्याने नेलं होतं. तळघरात बॉयलर असल्यामुळे श्रोत्यांना ही धडधड प्रत्यक्ष ऐकू यायची. फक्त हे हृदय डिझेलवर चालायचं, आणि डिझेल टाकीच्या बुडाशी आलं होतं.

रुग्णालयात वाफेची गिऱ्हाइकं दोनच. एक म्हणजे ऑपरेशनची हत्यारं, कापडं, बोळे कोंडून वाफेने निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह. दिसायला एक आडवं, पोट सुटलेलं लोखंडी पिंप. दुसरं स्वयंपाकघरातलं वाफेवर तापणारं भलंमोठं पातेलं. त्यात एरवी सूप, भात, भाज्या असं काय काय व्हायचं. आता बटाटे उकडायचे आणि उरलेलं पाणी सूप म्हणून वाढायचं. बॉयलरकडून आलेला पाइप जिन्याखाली दुभंगत होता. तिथे एक चाकाचा नळ होता. चाक डावीकडे फिरवलं की वाफ हत्यारांना, उजवीकडे फिरवलं की बटाट्यांना. पूर्वी ते मधोमध ठेवलं तरी दोन्हीकडे पुरायचं. आता बॉयलर निम्म्या जाळावर चालत होता, त्यामुळे मधोमध ठेवलं तर हत्यारं नुसती दमट व्हायची आणि बटाटे नुसते कोमट.

हत्यारांच्या बाजूला काका होते आणि बटाट्यांच्या बाजूला काकू. नव्याने दाखल झालेल्या रुग्णांना ते नवरा-बायको वाटायचे, कारण दोघं रोज त्याच जागी त्याच विषयावर भांडायचे. पण नवरा-बायको इतक्या आदराने भांडत नाहीत. ते व्याही होते. विधुर काकांची एकुलती एक मुलगी काकूंच्या मुलाला दिलेली होती.

"व्याहीबुवा, नळ जरा आमच्याकडे वळू द्या. वरती माणसं ताटं वाजवायला लागलीत."

"वळवा की, विहीणबाई. पण तुमच्या बटाट्यात काही राहिलं तर पोट बिघडतं. माझ्या चिमट्यावर राहिलं तर माणूस जातो."

"आणि तुमच्या चिमट्यातून वाचलेला माणूस मग खाणार काय? चिमटा?"

"तुमच्या सूपापेक्षा त्याला चव असेल."

"हो का. मग मुलीला सांगून ठेवते, बाबांना आता घरी जेवायला बोलवू नकोस."

असं झालं की चाक कुणीतरी तिसराच फिरवायचा. तो बॉयलरवाला. त्याला सांगितलं पेटव की तो पेटवायचा, सांगितलं विझव की विझवायचा, आणि मधल्या वेळात उलट्या बादलीवर बसून दोघांचं भांडण ऐकायचा. रेडिओवरच्या बातम्यांपेक्षा यात काहीतरी घडतं तरी, असं त्याचं मत होतं.

अडचण सुरू झाली ती मुलगी बाळंतपणासाठी त्याच रुग्णालयात दाखल झाल्यावर. दिवस भरले होते आणि बाळ पोटात आडवं होतं. सर्जनबाईंनी हाताने वळवून पाहिलं, दोनदा पाहिलं. ते वळलं, आणि बाई हात धुऊन येईपर्यंत पुन्हा होतं तसं आडवं झालं.

"ऑपरेशन करावं लागेल," सर्जनबाई म्हणाल्या. "फार वाट बघता येणार नाही. कळा जोरात सुरू झाल्या तर आई आणि बाळ दोघांनाही धोका आहे. उद्या सकाळी करू."

"आडवंच असणार," खाटेवरून मुलगी म्हणाली. "आजोबा तसे, आजी तशी. सरळ कुणाकडून शिकेल?"

तिचा नवरा आघाडीवर टेलिफोनच्या तारा जोडायच्या कामावर होता. सबंध सैन्याचे फोन त्याच्यामुळे लागत. घरी मात्र महिनोन्‌महिने त्याचा फोन लागलेला नव्हता. त्यामुळे तिच्या उशाशी काळजी करायचं काम वडील आणि सासू यांच्यात वाटलं गेलं होतं, आणि तेही दोघं एकमेकांना करू देत नसत.

त्याच दिवशी दुपारी बॉयलरवाल्याने टाकीत काठी घालून पाहिली. काठीचं फक्त टोक ओलं झालं.

"एकदा पेटेल," तो म्हणाला. "एकदाच. मग टँकर येईपर्यंत मला सुट्टी."

टँकर कधी येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. तो शहराच्या वेशीवर आहे, असं गेला आठवडाभर सांगितलं जात होतं. वेस तेवढी रोज मागे सरकत असावी.

अधीक्षकांनी लगेच वाफ समन्वय समितीची बैठक बोलावली. ही समिती त्यांच्या दालनातल्या लांबलचक लाकडी टेबलाभोवती बसायची. रुग्णालयातली बाकी सगळी लाकडं, म्हणजे बाकं, कपाटं, अंगणातली झाडं, व्हरांड्याचे कठडे, थंडीत केव्हाच जळून गेली होती. टेबल तेवढं वाचलं, कारण काय जाळायचं ते त्याच्याभोवती बसून ठरत असे.

बैठकीत अधीक्षक म्हणाले की आहार आणि शस्त्रक्रिया ही रुग्णसेवेची दोन चाकं आहेत. सर्जनबाईंनी विचारलं, उद्या सकाळी वाफ मला आहे का? अधीक्षक म्हणाले, दोन्ही चाकं सारखीच महत्त्वाची. बाहेर कुठेतरी धाडकन आवाज झाला, खिडकीला लावलेला पुठ्ठा फडफडला. बराच वेळ पाय हलवत, घड्याळाकडे बघत, दाराकडे बघत सगळे बसून राहिले. शेवटी असं ठरलं की या एका वाफेचा निर्णय दोन्ही विभागप्रमुखांनी परस्पर सामंजस्याने घ्यावा. सामंजस्य या शब्दावर सर्जनबाई उठून गेल्या.

एरवी ठीक होतं. एरवी दोघांनी परस्पर भांडून घेतला असता. पण या वेळी प्रश्न काकांच्या मुलीचा होता, म्हणजे काकूंच्या सुनेचा होता, आणि तिथेच सगळं बिनसलं.

काका सकाळी उजाडताच तळघरात आले. रात्रभर त्यांनी व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या होत्या. मुलीनेच शेवटी हाकललं: "बाबा, तुमच्या चपला ऐकून कळा यायला लागतील मला. जा तुमच्या पिंपाकडे." काकांनी हत्यारांचे डबे पिंपात भरले, झाकण लावलं, चाकाला हात घातला, आणि थांबले.

वरच्या दोन वॉर्डांत आदल्या सकाळपासून कुणाच्या पोटात धड काही गेलेलं नव्हतं. काका डोळ्यांनी पाहून आले होते. आणि आता शहाण्यासारखी शेवटची वाफ त्यांनी आपल्या मुलीसाठी घ्यायची? उद्या विहीणबाई काय म्हणतील? उद्याचं सोडा, त्या दहा वर्षांनी काय म्हणतील, हे काकांना शब्दन्‌शब्द ऐकू आलं. बारशाला म्हणतील. नातवंडाच्या लग्नात, चार माणसांत, हसत हसत म्हणतील: आमच्या व्याह्यांनी काय केलं होतं ठाऊक आहे का, लेकीसाठी सबंध रुग्णालय उपाशी ठेवलं होतं. मुलीकडच्यांनी असलं काही आयुष्यभर ऐकून घ्यायचं म्हणजे फारच झालं. शिवाय ऑपरेशन थिएटरमध्ये स्पिरिटचा एक छोटा स्टोव्ह होता. चार-पाच हत्यारं त्याच्यावर उकळून निघाली असती.

काकांनी पिंप उघडलं, डबे बाहेर काढून लोखंडी कपाटामागे ठेवले, झाकण पुन्हा घट्ट लावलं, म्हणजे बॉयलरवाल्याने चौकशी करू नये. मग चाक उजवीकडे, बटाट्यांकडे फिरवलं. त्यांना एकदम हलकं वाटलं. आपण फार मोठे आहोत असं वाटून ते स्पिरिटचा स्टोव्ह बघायला वर गेले.

वर काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या. पातेलं बटाट्यांनी काठोकाठ भरलं होतं. त्यांची बोटं पदराशी चाळा करत होती. शेवटची वाफ घेऊन बटाटे उकडले, आणि सुनेला काही झालं, तर? लोक काय म्हणतील ते त्यांनाही ऐकू येत होतं, आणि लोकांचे आवाज तर व्याह्यांपेक्षा कितीतरी जास्त. सासूने बटाटे उकडले हो. सून टेबलावर तळमळत होती आणि सासू बटाटे उकडत होती. मुलगा आघाडीवरून आला की त्याला कोण सांगणार, काय सांगणार? आणि खरं सांगायचं तर लोकांनी काही म्हटलं नसतं तरी काकूंनी तेच केलं असतं. सुनेवर त्यांचा जीव होता. तो तिला कळू न देण्याची खबरदारी त्या घेत, एवढंच.

त्यांनी मदतनीस बायकांना हाताशी घेतलं आणि पातेल्यातले बटाटे बादल्यांत उपसले. पाणी मोरीत सोडून दिलं. "आज वॉर्डात शिळा पाव द्या," त्या म्हणाल्या. "ओरडले तर माझं नाव सांगा." मग त्या तळघरात उतरल्या.

चाक उजवीकडे होतं. बटाट्यांकडे.

"बघा," काकू बॉयलरवाल्याला म्हणाल्या. "माणूस इतका भेदरलाय की नळ फिरवायचाही विसरला. आणि म्हणे मी तंत्रज्ञ." त्यांनी चाक डावीकडे फिरवलं. पिंपाचं झाकण घट्ट लावलेलं होतं ते पाहून त्यांना समाधान वाटलं. "पेटव. आणि त्यांना सांगू नकोस मी फिरवलं म्हणून. उगाच उपकार वाटायचे."

बॉयलरवाल्याने पेटवला. त्याच्या देखत एकाने चाक उजवीकडे नेलं होतं, दुसऱ्याने डावीकडे. आज भांडण नव्हतं, तेव्हा काहीतरी ठरलेलं असणार, असं त्याने धरलं.

त्या सकाळी यंत्र कधी नव्हे इतकं सुरेख चाललं. दाबाचा काटा सरळ चढला, हवा तिथे थांबला, हवा तितका वेळ थांबला. पिंपाची शिट्टी वेळेवर झाली. टाकीतलं शेवटचं डिझेल जळून त्या पिंपातली हवा अत्यंत निर्जंतुक झाली. मग बॉयलर खोकला, दोनदा आचका दिला आणि बंद पडला.

काका तोवर व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. स्टोव्ह सापडला होता. स्पिरिट सापडलं नव्हतं. ते कुठे गेलं हे थिएटरमधल्या कुणालाच विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की जो तो खिडकीबाहेर बघायचा. मुलीला आत नेलं होतं. कळा वाढल्या होत्या. दाराबाहेर काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"विहीणबाई," काका दबक्या आवाजात म्हणाले, "थोडं स्पिरिट आहे का तुमच्याकडे? स्वयंपाकघरात?"

"स्पिरिट कशाला?"

"चार हत्यारं उकळायची होती."

"हत्यारं उकळायची?" काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "व्याहीबुवा, झोप झाली नाही का तुमची? हत्यारं खाली तयार असतील. आत्ताच तर शिट्टी झाली."

"ती तुमच्या पातेल्याची."

"माझ्या पातेल्याला शिट्टी कुठाय?"

काका थांबले. पातेल्याला शिट्टी नव्हती. रोज त्या पातेल्याबद्दल भांडूनही हे त्यांच्या आता लक्षात आलं.

"मी नळ तुमच्याकडे फिरवला होता," ते म्हणाले.

"आणि मी तुमच्याकडे."

"पण डबे मी बाहेर काढले होते."

"आणि बटाटे मी."

आतून मुलीचा कण्हण्याचा आवाज आला. मग दोघांना एकदम कंठ फुटला.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?"

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं? स्वतःच्या सुनेच्या ऑपरेशनला वाफ देते म्हणे. माझी मुलगी काय तुमच्या उपकारावर आलीय का?"

"अहो, सून आहे ती माझी. तुम्ही दिलीत, आम्ही घेतली, आता ती आमची आहे. माझ्या घरातल्या माणसाची हत्यारं बाहेर काढणारे तुम्ही कोण?"

"बाप."

"बाप असता तर डबे आत ठेवले असते."

काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. काकूंनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे, आणि पदर खोचला.

"लाकूड कुठे शिल्लक आहे?"

"कुठेच नाही. सगळं—" काका म्हणाले, आणि वळले.

दोघांच्या मनात एकाच वेळी एकच वस्तू आली. लग्नाची बोलणी झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं.

अधीक्षक दालनात नव्हते. ते वेशीवरच्या टँकरबद्दल कुणाशी तरी बोलायला गेले होते. स्वयंपाकघरातली कुऱ्हाड काकूंनी आणली, टेबल काकांनी उलटं केलं. पाय आधी निघाले. वरची फळी फार जाड होती. तिच्यावर घेतलेल्या निर्णयांच्या मानाने फारच. घाव घालता घालता काकांच्या हातांना फोड आले, मग काकूंनी कुऱ्हाड घेतली, आणि ती त्यांना जास्त बरी चालवता येते हे दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

मागच्या अंगणात विटा मांडून चूल केली. एका साध्या पातेल्यात पाणी आणि काकांचे चिमटे, कात्र्या, सुऱ्या. लाकडाला पॉलिश होतं, त्यामुळे धूर काळा आणि दाट निघाला. तेवढ्यात भोंगा वाजला. अंगण रिकामं झालं, बायका तळघराकडे पळाल्या.

"तुम्ही जा," काका म्हणाले.

"तुम्ही जा. मी बघते."

"परत सुरू करू नका."

दोघंही तिथेच राहिले. काका पुठ्ठ्याने वारा घालत होते, काकू लाकडं पुढे सारत होत्या. पाण्याच्या तळाशी बारीक बुडबुडे आले, पण ते वर यायला तयार नव्हते. लांबवर धडाके होत होते. काका उठून थिएटरच्या खिडकीखाली जात, कान लावत, परत येत, पाण्यात बघत.

"बघून उकळत नाही ते," काकू म्हणाल्या.

"मग काय करू?"

"बसा. माझ्याकडेही बघू नका. रडू येईल मला, आणि ते तुम्हाला दिसलेलं मला चालणार नाही."

काका पाठ करून बसले. काही वेळाने म्हणाले, "मला वाटलं, मी वाफ घेतली तर तुम्ही जन्मभर ऐकवाल."

"ऐकवलंच असतं."

"हां. म्हणून."

"पण म्हणून घ्यायची नाही असं थोडंच असतं," काकू म्हणाल्या. "मी तुम्हाला कशावरूनही ऐकवलं असतं. ती अंगावर घ्यायची गोष्ट नाही. घरात बोलायला विषय लागतो."

काकांना हे पटलं असावं, कारण त्यांनी जोरजोरात वारा घालायला सुरुवात केली. पाणी एकदाचं खळखळलं. किती वेळ उकळू द्यायचं हे काकांना चांगलं ठाऊक होतं आणि तेवढा वेळ बसून राहणं त्यांना शक्य नव्हतं. ते पातेल्याभोवती फिरू लागले. काकूंनी त्यांना थांबा म्हटलं आणि स्वतः दुसऱ्या बाजूने फिरू लागल्या. हवाई हल्ल्याच्या भोंग्यात एका पातेल्याभोवती दोन वयस्क माणसं अशी उलटसुलट प्रदक्षिणा घालताहेत, हे फक्त बॉयलरवाल्याने तळघराच्या झरोक्यातून पाहिलं.

मग मागच्या दारातून थिएटरची सिस्टर बाहेर आली. तिने तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"इथे आहात होय. मी सगळीकडे शोधतेय. काय उकळताय?"

"हत्यारं," काका म्हणाले. "झालीच. आत्ता आणतो. बाईंना सांगा, पाच मिनिटं थांबा."

"कुणासाठी?"

"अहो, माझ्या मुलीसाठी. ऑपरेशनसाठी."

"ऑपरेशन झालं," सिस्टर म्हणाली.

काकांच्या हातातला पुठ्ठा चुलीत पडला.

अधीक्षकांच्या दालनाबाहेर एक काचेचं कपाट होतं. बाहेरच्या संस्थांचे पाहुणे मदत द्यायला आले की त्यांना दाखवण्यासाठी त्यात एक पूर्ण संच ठेवलेला असे: शस्त्रक्रियेची हत्यारं, निर्जंतुक केलेली, कापडात बांधून, वर पट्टी लावून. पाहुणे येतील तेव्हा ताजं दिसावं म्हणून अधीक्षक तो दर आठवड्याला काकांकडूनच वाफेत घालून घेत. सर्जनबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग सिस्टरला चावी आणायला सांगितलं. चावी अधीक्षकांच्या खिशात होती, म्हणून बाईंनी काच फोडली.

"कुणी आम्हाला सांगितलं का नाही?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही दोघं दालनातच होता की. दार लावून काहीतरी ठोकत होता. आम्ही हाका मारल्या."

"ती कशी आहे?" काकांनी विचारलं.

"बरी आहे. अजून गुंगीत आहे. मुलगी झाली. बाळ आडवं होतं ते शेवटपर्यंत आडवंच होतं, बाहेर काढल्यावर सरळ झालं."

काका विटेवर बसले. काकूंनी त्यांच्याकडे पाठ केली आणि डोळ्यांना पदर लावला. धूर फार होता, असं त्या सिस्टरला म्हणाल्या.

भोंगा थांबला. बायका तळघरातून वर येऊ लागल्या. वॉर्डातून ताटं वाजल्याचा आवाज येत होता. चुलीत अजून टेबलाचा बराच भाग शिल्लक होता आणि पाणी उकळत होतं. काकांनी स्वतःच्या हाताने हत्यारं बाहेर काढली, काकूंनी त्याच पाण्यात बादल्यांतले बटाटे सोडले. इतके स्वच्छ बटाटे त्या रुग्णालयात यापूर्वी कधी शिजले नव्हते.

"आधी तुम्ही जाऊन बघा तिला," काका म्हणाले. "मान तुमचा."

"तुम्ही जा. तुमची मुलगी आहे."

"तुमची नात आहे."

"तुमची नाही का?"

सिस्टरने दोघांना दंडाला धरून एकदमच आत नेलं.

संध्याकाळी अधीक्षक परतले. टँकर वेशीवर नव्हता. दालनात समितीला बसायला काही उरलं नव्हतं, म्हणून तातडीची बैठक उभ्याने झाली आणि त्यामुळे लवकर संपली. आहार आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विभागांनी दाखवलेल्या सामंजस्याची तिथे कौतुकाने दखल घेण्यात आली.

त्याआधी सगळ्या वॉर्डांत बटाटे वाढून झाले होते. मीठ आदल्या दिवशीच संपलं होतं.